सुझनची चार गर्भारपणं

ही पोस्ट जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वी आई आमच्याकडे कॅन्सस सिटीला आली होती, तेव्हा तिला घेऊन बेंट्स फोर्ट पाहायला गेलो. कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात, आर्कान्सा नदीच्या काठी कच्च्या विटांचा व्यापारी किल्ला. मूळचा कधीच पडला, आता दिसतो तो १९७६ मध्ये जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधलेला. आईला 'किल्ला' म्हटल्यावर सिंहगडासारखं काही डोळ्यांसमोर आलं असणार. सपाट माळावरचा तो मातीचा वाडा बघून ती म्हणाली, "अगं, हा तर आपल्या गावातल्या पाटलांचा वाडा!"

वरच्या मजल्यावर एक खोली दाखवतात. तिथे सुझन शेल्बी मॅगॉफिन राहिली होती, १८४६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. तिच्याबद्दल मी आधी थोडंफार वाचलं होतं. घरी आल्यावर तिची डायरी सलग वाचून काढली आणि तेव्हापासून एक गोष्ट मला टोचतेय.

सुझन केंटकीच्या बड्या जमीनदार घरातली. आजोबा आयझॅक शेल्बी, केंटकीचे पहिले गव्हर्नर. नोव्हेंबर १८४५ मध्ये तिचं लग्न झालं सॅम्युएल मॅगॉफिनशी. ती अठरा वर्षांची, तो पंचेचाळिशीच्या घरातला, सांता फेला (तेव्हा मेक्सिकोतलं गाव) माल नेणारा मुरलेला व्यापारी. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला मधुचंद्र झाला आणि जून १८४६ मध्ये ही नवी नवरी मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून नवऱ्याच्या तांड्याबरोबर निघाली. सांता फे सुमारे ९०० मैल. मालाच्या चौदा मोठ्या गाड्या, एकेका गाडीला बैलांच्या सहा जोड्या. बाईसाहेबांसाठी वेगळी घोडागाडी (ओढायला खेचरं), फिलाडेल्फियात शिवून घेतलेला तंबू, रिंग नावाचा कुत्रा, आणि जेन. जेनकडे शेवटी येते.

डायरीत ती नवऱ्याचं नाव घेत नाही. त्याला स्पॅनिशमध्ये 'मी आल्मा' म्हणते, म्हणजे माझा जीव. आपल्या आज्या 'इकडून येणं झालं का' म्हणायच्या, त्याच जातीचं हे. मला फार गोड वाटलं. पहिले काही आठवडे पोर खरंच मजेत आहे. रानफुलं गोळा करते, विणकाम करते, वाट्टेल तिथे उतरून हिंडते. डासांनी एका रात्री असा काही हल्ला केला, की शाल डोक्यावरून घेऊन उकाड्यात गुदमरत पडून राहिली. ते डास लक्षात ठेवा.

४ जुलैला पॉनी रॉक या खडकावर तिने घाईघाईने आपलं नाव कोरलं, नवरा बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा. त्याच दिवशी अ‍ॅश क्रीकच्या ओढ्यात उतरताना तिची गाडी उलटली. ती बेशुद्धच पडली. नवऱ्याने उचलून झाडाखाली नेलं, तोंडाला-हातांना व्हिस्की चोळली. यानंतर डायरीतला सूर बदलत जातो. दुखणं, अंथरूण, डॉक्टर. पोटात मूल होतं.

जुलैअखेर तांडा बेंट्स फोर्टला पोचला. अमेरिकेचं मेक्सिकोविरुद्धचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं, किल्ल्यात आणि भोवती अमेरिकन जनरल कर्नीची फौज उतरलेली. खाली चौकात नाल ठोकणं, खेचरांचं ओरडणं, पोरांचं रडणं, माणसांची भांडणं. वर खोलीत ही. ३० जुलैला ती एकोणीस वर्षांची झाली आणि दुसऱ्या दिवशी तिचं मूल गेलं. माहेर शेकडो मैल मागे. आपल्याकडे पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी आणतात, त्यामागे किती शहाणपण आहे हे मला त्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं. (माझ्या दोन्ही बाळंतपणांना आई विमानाने आली, तेव्हा 'कशाला एवढा खर्च' म्हणणारी मीच.)

त्याच वेळी तिच्या खालच्या खोलीत एक आदिवासी बाई बाळंत झाली. धडधाकट मूल, आणि अर्ध्या तासात बाई बाळाला घेऊन नदीवर अंघोळीला. सुझनला हे कळलं आणि ती हादरली. आमच्या सुधारलेल्या घरांतल्या बायका फाजील जपणुकीनेच तर बिघडत नसतील, असा विचार तिने लिहून ठेवलाय, आणि लगेच 'पण ही रानटी चाल' असं म्हणून स्वतःला सावरलंय. एकोणीस वर्षांची मुलगी, पोटातलं मूल गेल्याला आठवडाही नाही, आणि डोकं चालतंय बघा.

पुढे रातोनचा घाट. तासाला अर्धा मैल, उतारावर गाडीच्या चाकांना माणसं लटकलेली. ऑगस्टअखेर ती सांता फेत पोचली. इथेच सगळे लेख तुतारी वाजवतात, 'सांता फेत आलेली पहिली अमेरिकन स्त्री'. एकतर ते खरं नाही. मेरी डोनोहो तिच्या तेरा वर्षं आधी, १८३३ मध्ये, लहान मुलीला घेऊन आली होती. आणि दुसरं म्हणजे त्या गावात सव्वादोनशे वर्षं बायका नांदतच होत्या की! सुझनला त्या आधी निर्लज्ज वाटल्या, गळे उघडे टाकून सिगारेटी ओढणाऱ्या, मग हळूहळू आवडायला लागल्या. काटे-चमचे नाहीत, तोर्तिया (तिथली पातळ भाकरी) मोडून त्या तुकड्यानेच कालवण उचलायचं, याचं तिला केवढं नवल! इथे मी आईला फोन करून वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मग भाकरी कशाने खातात?"

मला टोचतं ते हे, की तिची गोष्ट सगळे साहसाची म्हणून सांगतात. आणि साहसाची गोष्ट सांता फेला संपते, फार तर मेक्सिकोतून समुद्रापर्यंतच्या प्रवासाला. पण डायरी नीट वाचली तर वर्षभरात तिला पुन्हा दिवस गेलेत. एल पासो, चिवावा, सल्तियो असा युद्धातला प्रवास, दीर हेरगिरीच्या आरोपाखाली कैदेत, आणि हिला उलट्या, जळजळ, डोकेदुखी, पायांत गोळे. एका जागी ती वैतागून लिहून जाते, की लग्नाचं एवढं कौतुक सांगतात तसं त्यात काही नाही. मी ते वाक्य वाचून मोठ्याने हसले आणि मग हसू गेलं, कारण पुढची पानं फार नाहीत. सप्टेंबर १८४७ मध्ये डायरी थांबते. मेक्सिकोतल्या मातामोरोसला तिला पीतज्वर झाला, त्यातच मुलगा झाला आणि थोड्याच काळात गेला.

पीतज्वर डासांमुळे पसरतो हे पक्कं सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं. आणि ती मातामोरोसला होती त्याच वर्षी तिकडे व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर बाकीच्या डॉक्टरांना सांगत होता, बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवा. कोण ऐकतंय!

सुझन परत आली. १८५१ मध्ये मुलगी झाली, ती जगली. मग सेंट लुईसजवळ कर्कवूडला मोठं घर, जमीन, सुबत्ता. १८५५ मध्ये दुसरी मुलगी झाली आणि त्या बाळंतपणानंतर लगेच, ऑक्टोबरमध्ये, सुझन गेली. अठ्ठावीस वर्षांची. सेंट लुईसच्या बेलफाउंटन स्मशानभूमीत पुरलंय तिला.

म्हणजे रानात नाही, घाटात नाही, युद्धात नाही. ज्यांना ती रात्रंदिवस घाबरली त्या 'इंडियन' लोकांनी तिच्या केसालाही धक्का लावला नाही. ती गेली आपल्या घरात, शहराजवळ. दहा वर्षांच्या संसारात चार गर्भारपणं, त्यातली दोन मुलं गेलेली, चौथ्यात स्वतः. आपल्याकडच्या जुन्या बायका बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म म्हणायच्या. ते कौतुकाने नव्हतं म्हटलेलं. तिची गोष्ट सांगणाऱ्यांनी बैल मोजले, मैल मोजले, हे मोजायचं मात्र राहून गेलं. १९२६ मध्ये येल विद्यापीठाने डायरी छापली म्हणून निदान आपल्याला हिशोब तरी लावता येतो.

आणि जेन. ती सुझनच्या घरची गुलाम. हाच रस्ता, हेच डास, हीच उष्णता, पण तिने लिहिलेलं एक अक्षर आपल्याकडे नाही. ती सुझनच्याच पानांतून मधूनमधून डोकावते.

त्या दिवशी किल्ल्यात माहिती सांगणारा तरुण मोठा उत्साही होता. गाड्या किती, बैल किती, सगळं तोंडपाठ. त्या वरच्या खोलीची जमीन मातीची होती, धूळ बसावी म्हणून दिवसभर पाणी शिंपडावं लागायचं, हेही त्याने सांगितलं. डायरीतही ते आहे. आई बराच वेळ त्या जिन्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "त्याला विचार बरं, एवढं पाणी वर कोण आणायचं?"