उताऱ्याबाहेरचं काही आणायचं नाही

चूक माझीच. प्रश्न मोठ्यानं वाचायला नको होता. आणि वाचलाच, तर आजीनं "काय म्हनते रे ते?" असं विचारल्यावर तो मराठीत सांगायला तर मुळीच नको होता.

मे महिन्यातली दुपार. रावेर तालुक्यात या दिवसांत पारा ४४-४५च्या खाली यायला तयार नसतो, आणि बारा ते चार कुणी रस्त्यावर दिसलं तर लोक आधी "कोण गेलं?" असं विचारतात. त्यामुळे घरात सगळ्यांची हजेरी. कूलर एक, त्याच्यासमोर जागा चौघांची, माणसं सात. गच्चीवर दोन दिवस वाळवलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आजी सुपात घेऊन बसलेली, अख्ख्या वेगळ्या नि मोडक्या वेगळ्या करत. मोडक्या तिथल्या तिथे नातवंडांच्या तोंडात जात होत्या, त्यामुळे काही अख्ख्या बिबड्याही संशयास्पदरीत्या मोडत होत्या. नाना, म्हणजे माझे वडील, तोंडावर पेपर घेऊन खाटेवर आडवे. आणि कूलरच्या मागच्या बाजूला, जिथे वारा येत नाही, फक्त आवाज येतो, तिथे मी लॅपटॉप घेऊन जीमॅटचा अभ्यास करत होतो.

मला एमबीए करायचं आहे आणि मनात असलेल्या कॉलेजांना ही परीक्षा लागते. २०२३च्या शेवटी तिची नवी आवृत्ती आली, त्यात इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न काढून टाकले. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पण पंगतीतून एक पाहुणा उठला की बाजूचा मांडी पसरतो, हे ध्यानात यायला हवं होतं. आता भाषेच्या भागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटंही नाहीत. त्यातले निम्म्याच्या आसपास क्रिटिकल रीझनिंगचे. चार-पाच ओळींचा उतारा असतो. त्यात कुणीतरी महापौर, कारखानदार किंवा शास्त्रज्ञ एक दावा ठोकून देतो. खाली पाच पर्याय. त्यातून आपण त्याचा दावा पक्का करायचा, नाहीतर पोकळ ठरवायचा, नाहीतर त्यानं मनात धरलेलं पण बोलून न दाखवलेलं गृहीतक हुडकायचं. अट एकच. उताऱ्यात लिहिलंय ते खरं धरायचं आणि उताऱ्याबाहेरचं काही आणायचं नाही.

या अटीवरच माझं घोडं अडलेलं होतं. कारण आमच्या घरात उताऱ्याबाहेरचं आणल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. 'भाजीत मीठ जास्त झालंय' एवढ्या विधानावरून निघालेली चर्चा मोठ्या काकाच्या लग्नातल्या वरणापर्यंत जाते, आणि त्या वरणाला जबाबदार कोण, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तर प्रश्न असा होता. एका प्रांतातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी एका फळाचं नवं वाण लावलं. त्या वर्षी त्यांचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढलं. यावरून नवं वाण जुन्यापेक्षा जास्त उत्पन्न देतं, असा निष्कर्ष कृषितज्ज्ञानं काढला. खालीलपैकी कोणतं विधान खरं असेल तर हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो?

मी 'अ' पर्यायावर टिचकी मारली. नव्या वाणाची रोपं जुन्यापेक्षा महाग आहेत. केळी उत्पादकाच्या मुलाला याहून मोठा दोष दुसरा कुठला दिसणार? आमच्याकडे टिश्यू कल्चरच्या रोपांचा भाव हा घरातल्या आजारपणासारखा, दबक्या आवाजात बोलायचा विषय. पडद्यावर लाल फुली आली. खाली खुलासा होता की खर्च किती याचा पीक किती आलं याच्याशी संबंध नाही, हे उताऱ्याबाहेरचं आहे.

"काय म्हनते रे ते?" आजी.

मी सांगितलं. पर्याय सांगितले नाहीत, फक्त उतारा.

तोंडावरचा पेपर न काढता खाटेवरून आवाज आला. "पानी कसं होतं त्या वर्षी?"

"ते दिलेलं नाही नाना."

"ठिबक होतं का पाटपानी?"

"तेही दिलेलं नाही."

"मंग बांधावरच्यानं जुनंच वाण लावलं असेल ना, त्याचं काय झालं? त्याचंबी तेवढंच वाढलं असेल तं वाणाचं काय कौतुक?"

मी पडद्याकडे पाहिलं. पर्याय 'ब': ज्या शेतकऱ्यांनी जुनं वाण कायम ठेवलं, त्यांचंही उत्पन्न त्या वर्षी तितकंच वाढलं. बरोबर उत्तर.

नानांनी पर्याय पाहिले नव्हते. त्यांना पर्याय असतात हेच माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा कळलं की हा धडा त्यांनी पैसे भरून शिकलेला आहे. काही वर्षांपूर्वी कुणी विक्रेता एक टॉनिक घेऊन आला होता. त्यानं एका बागेतले लांबलचक घड मोबाइलवर दाखवले. नानांनी घेतलं, बागेला सोडलं, आणि घड खरंच चांगले आले. गावभर सांगत फिरले. मग शेजारच्या शेतात गेले, तर टॉनिकचा थेंबही न सोडलेल्या त्या बागेतले घड तस्सेच. त्या साली थंडीचा कडाका पडला नव्हता आणि करपाही बेताचा होता, एवढंच. "तव्हापासून कोनी कायबी दाखवलं तं मी पयले शेजारच्याचं शेत पायतो," असं म्हणून नानांनी पेपर पुन्हा तोंडावर ओढला.

क्लासची फी मी उगाच भरली.

आजीची पद्धत याहून सोपी. ती शेजारचं शेतही पाहत नाही. कुणी काहीही सांगितलं की ती एकच वाक्य टाकते: "तुले कोनं सांगतलं?" आवाज चढवत नाही, हातातलं काम थांबवत नाही. समोरच्यानं अमक्यानं सांगितलं असं म्हटलं की पुढचा प्रश्न, "त्याले कोनं सांगतलं?" तिसऱ्या फेरीला बहुतेक माणसं चहा अर्धवट टाकून उठतात. जीमॅटवाल्यांनी याला वेगवेगळ्या प्रश्नप्रकारांत विभागलंय, आजीनं सगळं एका ओळीत ठेवलंय.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा अभ्यास सार्वजनिक झाला. समोरचे तात्या स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागले. तात्या मूळचे फैजपूरचे, आणि फैजपूरला डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. हे वाक्य तात्या कुठल्याही युक्तिवादात आधार म्हणून वापरू शकतात. ही परीक्षा पहिल्यांदा कधी झाली, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूलांनी एकत्र येऊन ती काढली, पहिली परीक्षा १९५४ साली झाली.

तात्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे आपल्या अधिवेशनापेक्षा अठरा वर्षांनी धाकटी. धाकट्याले काय भ्यायचं!"

यातली चूक कुठल्या प्रकारची, हे मी अजून शोधतोय. पाचही पर्याय लागू पडतात.

तात्यांना प्रश्नांमध्ये रस नव्हता, उताऱ्यातल्या माणसांमध्ये होता. महापौर निवडून कसा आला, कारखाना कुणाच्या जमिनीवर उभा राहिला, संशोधकाचा त्या औषध कंपनीशी काही संबंध आहे का. दर वेळी दीड मिनिट त्यात जायचं. आणि गंमत म्हणजे त्यांची शेवटची शंका तीनदा बरोबर पर्याय निघाली. नाना दहापैकी आठ. मी दहापैकी सहा, आणि आठवडाभर सहाच.

गृहीतकाच्या प्रश्नांसाठी एक युक्ती शिकवतात. पर्याय उलटा करून बघायचा. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तेच गृहीतक. ही युक्ती मला पुस्तकात कधी जमली नाही, ओट्यावर मात्र वापरावी लागली. कारण तोवर गावात एक निष्कर्ष निघालेला होता: मी महिनाभर घरी आहे, त्याअर्थी पुण्यातली नोकरी गेली.

यातलं गृहीतक उघड आहे. नोकरी असलेला माणूस महिनाभर घरी राहत नाही. ते उलटं केलं की सगळं कोसळतं, म्हणून मी शेजारच्या काकूंना घरून काम कसं चालतं ते सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी बाकीचे पुरावे मांडले. दाढी वाढलेली आहे. येताना प्रेशर कुकर परत आणलाय. (शिटी बिघडली होती, रावेरला दुरुस्त करून मिळते.) दिवसभर कॉम्प्युटरवर बसतो, पण त्याच्यात नुसत्या लाल फुल्या येतात, काकूंच्या पिंटूनं डोळ्यांनी पाहिलंय. मी एकेक मुद्दा खोडत गेलो आणि प्रत्येक खोडण्यानं त्यांचा निष्कर्ष पक्का होत गेला. नोकरी गेलेल्यालाच इतकं बोलावं लागतं, नाही का? आठवड्यानं आत्याचा फोन आला. भुसावळकडच्या स्थळानं "थोडं थांबू" म्हटलंय.

तेव्हा आजी उठली. ओट्यावर जाऊन काकूंना तिचं ते वाक्य. काकूंना त्यांच्या जावेनं सांगितलं होतं. जाऊबाईंना किराणा दुकानात कळलं. आजी काठी टेकत किराणा दुकानात गेली, उन्हाची, डोक्यावर ओला पदर घेऊन. वाटेत तिघांनी "कोन गेलं, बाई?" विचारलं ते वेगळंच. दुकानदारानं सांगितलं की त्याला खुद्द नानांनी सांगितलं.

"मी?" नाना खाटेवर उठून बसले. "मी एवढंच म्हनलो, पोरगा सध्या घरीच आहे."

आजी काही बोलली नाही. सुपातल्या मोडक्या बिबड्यांचा वाटा त्या दिवशी नानांना मिळाला नाही.

याच सुमारास आमची बाग काढणीला आली. व्यापारी मोटारसायकलवरून आला, बागेत फेरी मारून आला, आणि ओसरीवर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावत म्हणाला, "नानाभाऊ, माल चांगला आहे. पन आंबा आला ना बाजारात. केळीले उठाव नाही. त्यामुळे जाहीर भावाच्या खाली घ्यावं लागेल."

मी आतून ऐकत होतो. समोर उतारा, त्यात दावा, कारण एकच दिलेलं. दोन महिन्यांच्या तयारीनंतर असा प्रश्न आपल्या पायांनी घरी चालत आला होता. लॅपटॉपवरचं घड्याळ चालूच ठेवून मी बाहेर गेलो.

म्हणालो, काका, आंबा दर मे महिन्यात येतो. मागच्या मे महिन्यातही आला होता, आणि तेव्हा तुम्हीच आमच्याकडून जाहीर भावाच्या वर माल नेला होता. म्हणजे आंबा असतानाही भाव चढू शकतो. मग आता भाव कमी असण्याचं कारण आंबा आहे, हे कसं ठरवलं? दुसरं, उठाव नसता तर तुम्ही भर उन्हात आमच्या बागेपर्यंत आला असता का? तिसरं, सकाळपासून गावातून तीन गाड्या भरून गेल्या, त्या कुठे गेल्या?

ओसरी शांत. तात्या खुर्चीवर पुढे सरकले. कूलरपासून उठून आजीही दारात आली होती, आणि मला शपथेवर सांगता येईल की तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

व्यापाऱ्यानं तांब्या खाली ठेवला. "खरं आहे तुझं," तो म्हणाला. "एकदम बरोबर. शिकलेलं पोरगं आहे, नानाभाऊ." मग त्यानं आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला, सातपुड्याच्या कडेनं, दोन दिवसांपासून संध्याकाळी ढग जमत होते. मे-जूनमधल्या वादळाचा अर्धा तास उभी बाग झोपवायला पुरतो, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि वारा नाही आला तरी घड थांबत नाही. झाडावर पिवळा पडला की तो ना दिल्लीला जात ना कुठे. "मंग कटाई उद्या सकाळी लावू का?"

भाव त्यानं सांगितला तोच राहिला. एक रुपया हलला नाही.

मोटारसायकलचा आवाज वळणावर विरला. नाना बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. मग म्हणाले, "बरोबर होतं तुझं सारं."

"हो ना, मग काबरं—"

"पन बाकीचे चार पर्याय कोन्ते होते आपल्याजवळ?"

मी आत गेलो. पडद्यावर प्रश्न तसाच होता, कुठल्याशा महापौराचा. घड्याळ ३८ मिनिटं दाखवत होतं.