राहिलेल्यांचे काय?

‘गाव बदलल्याची खंत ते सोडून गेलेल्यांनाच वाटते, राहणाऱ्यांच्या तो बदल अंगवळणी पडतो’ हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो घरापासून दूर असलेल्यांच्या झुरण्यासाठी, हे खरे; परंतु ग्लेन ऑल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने या शतकाच्या आरंभी ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द योजला, तो ऑस्ट्रेलियातल्याच हंटर खोऱ्यातील कोळशाच्या खुल्या खाणींमुळे भोवतालचा परिसर पालटत असताना तेथेच राहणाऱ्यांच्या व्यथेसाठी.

मी स्वतः जन्मगाव कधीच सोडले नाही. दहा वर्षांनी परतणाऱ्याला सारा बदल एकदम दिसतो आणि त्याला हळहळण्याची मुभा असते. आमच्या वाट्याला मात्र तो हप्त्याहप्त्याने येतो, आज एक झाड, पुढच्या वर्षी एक ओळखीचे दार, आणि नेमकी तक्रार कशाची करावी तेच उमगत नाही. शिवाय नव्या रस्त्याचा आणि जवळ आलेल्या दवाखान्याचा लाभ आम्हीच घेत असल्यामुळे (पाहुण्यांना ही अडचण नसते) खंत बोलून दाखवणेही अप्रामाणिक वाटते. तरीही कोणी पत्ता विचारला, की मी अजून तोडलेल्या झाडाचीच खूण सांगतो.