संपाला तारीख असते, बंदला हाक

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुलांच्या सुट्टीसाठी मी बेळगावला आलो होतो आणि ५ तारखेच्या सकाळी खानापूरकडे मामांच्या गावी जाण्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकावर उभा होतो. कर्नाटकातील परिवहन कर्मचाऱ्यांनी त्या दिवसापासून संप पुकारला होता, आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली होती, आणि त्यामुळे कोणती गाडी सुटणार आणि कोणती नाही हे वाहकांनाही धड सांगता येत नव्हते. तासाभराच्या त्या खोळंब्यात माझ्या आजूबाजूला मराठीत आणि कन्नडमध्ये जे बोलले जात होते, त्याचा मथितार्थ एकच होता: असा अचानक संप करून लोकांना वेठीस धरणे बरोबर नाही. त्यातला 'अचानक' हा शब्द मला तेव्हापासून डाचत राहिला आहे.

कारण तो संप अचानक नव्हताच. परिवहन कर्मचाऱ्यांची पगारवाढ दर चार वर्षांनी ठरते. १ जानेवारी २०२० पासून जी व्हायची होती ती १५ टक्क्यांची वाढ मार्च २०२३ मध्ये झाली. मधल्या ३८ महिन्यांच्या थकबाकीचा प्रश्न तसाच राहिला. आणि पुढची वाढ १ जानेवारी २०२४ पासून देय असताना तोही दिवस येऊन गेला. म्हणजे संपाच्या दिवशी दीड वर्षाहून अधिक काळ उलटला होता. पण स्थानकावरच्या त्या गर्दीत १ जानेवारी २०२४ ही तारीख कोणालाही ठाऊक नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती. संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्र शोधले तेव्हा कळली.

मी गेली सतरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो आणि आयात मालाची गोदामे सांभाळणाऱ्या एका कंपनीत काम करतो. नेवार्क आणि एलिझाबेथच्या बंदरातून येणारे कंटेनर हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्यामुळे, ३० सप्टेंबर २०२४ च्या मध्यरात्री मेनपासून टेक्सासपर्यंतच्या ३६ बंदरांतील सुमारे ४५ हजार गोदी कामगारांनी संप सुरू केला, तेव्हा माझी झोप उडणे स्वाभाविक होते. इंटरनॅशनल लाँगशोअरमेन्स असोसिएशन या त्यांच्या संघटनेचा पूर्व किनाऱ्यावरचा असा संप १९७७ नंतर प्रथमच होत होता. सहा वर्षांचा करार त्या मध्यरात्री संपत होता, नवा झालेला नव्हता, आणि करार नाही तर काम नाही एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या काळात माझ्या कचेरीत कामगारांविषयी जे उद्गार निघाले ते बेळगावच्या स्थानकावरच्या उद्गारांपेक्षा मवाळ मुळीच नव्हते. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या गोदीतील जवळपास एक तृतीयांश कामगार वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक कमावत असल्याचे तिथल्या गोदीवर देखरेख करणाऱ्या वॉटरफ्रंट कमिशनचे काही वर्षांपूर्वीचे आकडे पुन्हा बाहेर काढण्यात आले. त्यात जादा कामाचे तास किती, रात्रपाळ्या किती, हे कोणी विचारले नाही. संघटनेच्या अध्यक्षांचे स्वतःचे वेतन, गोदीतील जुन्या गुन्हेगारी टोळ्यांच्या कथा, बापामागून मुलाला मिळणाऱ्या नोकऱ्या, सगळे उगाळून झाले. लोकांनी दुकानांतून शौचालयाचे कागद भरभरून नेले, जो माल बहुतांशी अमेरिकेतच तयार होतो आणि ज्याचा त्या बंदरांशी फारसा संबंधच नव्हता. (घबराट कुठल्याही देशातली असो, ती हिशेब करीत नाही.)

पण संप अचानक झाला असे मात्र कोणी म्हणू शकले नाही. ती तारीख सहा वर्षांपूर्वीच कागदावर लिहिलेली होती. आमच्या कंपनीने दिवाळी-नाताळचा माल जुलै-ऑगस्टमध्येच मागवून घेतला होता आणि काही जहाजे पश्चिम किनाऱ्याकडे वळवली होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवणारा माझा एक वर्गमित्र आहे, त्याच्या ओतीव भागांचा एक कंटेनर तेवढा उशिरा निघाल्यामुळे अडकला आणि बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या चाळीसहून अधिक जहाजांपैकी एकावर पडून राहिला. त्याचा फोन आला तो असा: "काय रे, तुमच्याकडं बी संप हाय म्हणं! आणि सरकार काय करतंय?" सरकार काही करत नाही असे मी सांगितले, तेव्हा त्याला ते पटेना. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने अध्यक्षाला अशा संपाविरुद्ध न्यायालयात जाऊन ऐंशी दिवसांची मुदत मिळवता येते, आणि २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर मालकांनी टाळेबंदी केली तेव्हा जॉर्ज बुश यांनी तो मार्ग वापरलाही होता. बायडन यांनी तो वापरण्यास नकार दिला आणि दोन्ही पक्षांनी बोलणी करावीत असे सांगितले. निवडणूक महिन्यावर आली होती हे त्यामागचे एक कारण असणार, हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी संप मिटला. सहा वर्षांत सुमारे ६२ टक्के वाढ, म्हणजे तासाला ३९ डॉलरवरून ६३ डॉलर, यावर एकमत झाले. यंत्रांनी माणसांची जागा घेण्याचा खरा कठीण प्रश्न १५ जानेवारी २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला आणि ती तारीख येण्याच्या आठवडाभर आधी त्यावरही तडजोड निघाली.

आता शेजारी आपल्याकडची गोष्ट ठेवतो. त्याच वर्षी, त्याच्या महिनाभर आधी, भारतातील मोठ्या बंदरांच्या कामगारांनी २८ ऑगस्टपासून बेमुदत संपाची नोटीस दिली होती. मुरगाव आणि न्हावा शेवा ही बेळगावच्या कारखानदारांची नित्याची बंदरे त्यात आली. संपाच्या आदल्या दिवशी साडेआठ टक्के वाढीवर समझोता झाला आणि संप टळला, म्हणून त्याची बातमीही फारशी झाली नाही. ही टक्केवारी अमेरिकेच्या टक्केवारीशी थेट ताडून पाहणे योग्य नव्हे, कारण आपल्याकडे महागाई भत्ता निराळा असतो. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: ही वाढ १ जानेवारी २०२२ पासून देय होती. बत्तीस महिने ती देय राहिली, आणि त्या बत्तीस महिन्यांत कोणाचीही झोप उडाली नाही.

तारीख उलटून जाऊ देणे ही आपल्याकडची व्यवस्थापनाची पद्धत होऊन बसली आहे, आणि जनमत त्या पद्धतीच्या बाजूने नकळत उभे राहते, असे माझे मत आहे. देणे थकवणाऱ्याचा विलंब कोणाला दिसत नाही; दिसतो तो मागणाऱ्याने थांबवलेला एक दिवस.

सीमाभागात याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या, म्हणजे मराठी माणसांच्या, अंगाशी येणारे आहे. संप हा शब्द आपण ऐकतो खरा, पण आपल्याला सवय आहे ती बंदची. १ नोव्हेंबरचा काळा दिन असो, १९८६ च्या कन्नड सक्तीविरुद्धचे आंदोलन असो, किंवा समोरच्या बाजूच्या संघटनांनी दिलेली हाक असो, रविवार पेठेतल्या दुकानदाराने शटर ओढायचे आणि संध्याकाळी वातावरण निवळले की पुन्हा वर करायचे, हे अंगवळणी पडले आहे. यातले काही बंद मला मान्य होते आणि आजही आहेत. १९५६ पासूनच्या अन्यायाची जाणीव दुसऱ्या कोणत्या मार्गाने जिवंत राहिली असती हे मला सांगता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे. पण बंद आणि संप या दोन जातीच भिन्न आहेत. बंदमध्ये हाक देणारा एक आणि दिवसाची कमाई गमावणारा दुसरा असतो. संपात काम थांबवणाऱ्याचाच पगार जातो. बंदची मागणी पुरी करणे शटर ओढणाऱ्याच्या हातात नसते. संपाची मागणी नेमक्या एका मालकापुढे, नेमक्या आकड्यासह ठेवलेली असते. दोन्हींना एकाच तराजूत घातले की वाहकही 'लोकांना वेठीस धरणारा' ठरतो आणि प्रश्न विचारला जातो तो 'यांच्यामागे कोण आहे' हा, 'यांचे किती थकले आहे' हा नव्हे.

शिवाय आमच्या घराघरांत एका संपाची जखम आहे. त्या दिवशी अखेर एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून मी मामांकडे पोहोचलो. मामा मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र गेल्या. मामा वर्षभराने वळकटी घेऊन गावी परतले ते कायमचे. बसच्या संपाविषयी त्यांना विचारले, तर म्हणाले, "मागणी खरी असंल त्यांची. पण संप म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतोय बघ." चंदगडपासून खानापूरपर्यंत अशी कितीतरी घरे आहेत, आणि त्यांच्या मताला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही.

उलट निपाणीकडे तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका आणि विडी कामगार संघटित झाल्या, तेव्हा त्यांच्यात मराठी आणि कन्नड असा भेद कामाला आला नाही. आपल्या सीमाप्रश्नाच्या इतिहासात या बायकांना फार जागा मिळालेली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळींत या विषयावर बोलणे निघाले की 'भारतात युनियननेच उद्योग बुडवले' हे वाक्य हमखास येते. अमेरिकनांचे मात्र तसे नाही असे त्यांना सांगावे लागते: गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ७० टक्के लोकांनी कामगार संघटनांना पसंती दर्शवली होती, आणि २००९ मध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होते. पण या आकड्याने मी फार हुरळून जात नाही. त्याच वर्षी प्रत्यक्ष संघटनेचे सभासद असलेले कामगार १० टक्क्यांहूनही कमी होते. ज्या गोष्टीची झळ आपल्याला क्वचितच लागते, तिच्याविषयी उदार असणे सोपे असते. माझ्याच कंपनीच्या गोदामांत खोकी भरणारे बहुतेक जण तात्पुरत्या कामगारांच्या एजन्सीमार्फत येतात. त्यांच्यासाठी न्यू जर्सीने २०२३ मध्ये हक्कांचा कायदा केला खरा, पण करार असा त्यांच्या हाती नसतो, आणि म्हणून संपणारी तारीखही नसते. बंदरातल्या क्रेनवरचा माणूस आणि त्याच कंटेनरमधली खोकी उतरवणारा माणूस यांच्यामध्ये फार तर दहा मैलांचे अंतर आहे.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार कोणत्याही आस्थापनेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संप मानला जाईल. यामुळे संप 'अचानक' होणार नाहीत असे समर्थन केले जाते. मला ते अर्धेच पटते. नोटीस कामगाराने द्यायची आहे. पगारवाढीची मुदत संपली असून बोलणी सुरू झालेली नाहीत, अशी नोटीस मालकाने किंवा सरकारने जनतेला द्यावी, असे बंधन कुठे आहे? परिवहनच्या संघटनांनीही नोटीस दिलेलीच होती.

फौंड्रीवाल्या मित्राला हे सगळे मी फोनवर ऐकवले, कारण त्याच्याही कामगारांचा तीन वर्षांचा करार येत्या मार्चअखेर संपतो आहे. करार कधी संपतो ती तारीख आतापासून दरवाजाजवळच्या फलकावर लावून टाक, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलायला वेळ मिळेल, असे मी सुचवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लावतो की. पण ते आधी सांग, वर कन्नड लिहू की मराठी?"