ग्रानादाची टेकडी आणि आपली गढी

स्पेनमध्ये ग्रानादाला जाणार म्हटल्यावर बऱ्याच जणांनी बजावलं होतं, साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांमधला फ्लामेंको नाच बघू नका, सगळं टुरिस्टांसाठी मांडलेलं असतं. तरी गेले, सत्तरी ओलांडलेल्या आत्याला घेऊन. आणि माझं मत स्पष्ट आहे : तिकीट लावलं म्हणून नाच खोटा होत नाही. तमाशाच्या कनातीला तिकीट असतंच की! या टेकडीवर तर परदेशी पाहुणे एकोणिसाव्या शतकापासून पैसे मोजून साम्ब्रा बघतायत. साम्ब्रा हा मुळात गितानोंच्या, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांच्या, लग्नातला सोहळा. आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का हे त्यातले तीन नाच.

समोर आल्हाम्ब्राचा जुना राजवाडा, मध्ये दार्रो नदीची घळ आणि अलीकडे हा उतार. 1492 मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजाराणीच्या ताब्यात गेलं. त्यानंतरच्या काळात गावकुसाबाहेरच्या या डोंगरात गितानो गुहा खोदून राहू लागले. बाहेरून चुना फासलेला, दारात फड्या निवडुंग. नाशिककराला गुहा म्हटलं की पांडवलेणी आठवतात, पण तिथे भिक्षू राहायचे. इथे चूल, पाळणा, लोहाराची भट्टी, अख्खा संसार. भिंतींवर तांब्याची भांडी टांगलेली. आत्याचं अर्धं लक्ष त्यांच्यातच. "यांना कल्हई कोण करतं गं?" तांबट लेनजवळ बालपण गेलेली बाई दुसरं काय विचारणार! गितानोंमध्ये लोहारकाम पिढीजात होतं. मार्तिनेते नावाचा गाण्याचा प्रकार भट्टीशीच जोडलेला आहे, त्याला गिटार नसते.

गुहा लांबट. दोन्ही भिंतींना टेकून खुर्च्या आणि मधल्या अरुंद पट्टीत नाच. टाच आपटली की खुर्चीचा पाय थरथरतो, झालर आपल्या गुडघ्याला घासून जाते. सोलेआ हा फ्लामेंकोतला एक प्रकार सुरू झाला. आत्या आयुष्यभर भजनी मंडळात टाळ वाजवलेली, तिने लगेच मांडीवर मात्रा मोजायला घेतल्या. बारा निघाल्या. एकताल म्हणून खूश झाली, आणि मग गोंधळली. "अगं, हे समेवर येतच नाहीत!" खरंच येत नाहीत. ठोके तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर, आणि ओळ येऊन टेकते बहुतेकदा दहाव्या मात्रेवर. आपली सगळी धाव पहिल्या मात्रेकडे असते, त्यामुळे प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखं होतं. मी कथक शिकलेय, तरी मला ते कान बसवायला वेळ लागला. आत्याला माझ्या आधी जमलं. शेवटी तर ती शेजारच्या जर्मन बाईला टाळी कुठे द्यायची ते खुणेने शिकवत होती.

इथे एक सांगून टाकते. "फ्लामेंको म्हणजे आपलं कथकच" हा फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. गितानोंचे पूर्वज भारतातून गेले हे भाषेच्या अभ्यासातून पक्कं झालंय, 1425 मध्ये ते स्पेनमध्ये पोचल्याची नोंदही आहे. पण फ्लामेंको घडला तो आन्दालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. त्यातल्या वादकाच्या मांडीखालचा काहोन हा खोका तर पेरूमधून आलाय, 1970 च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसियाने आणलेला. प्रत्येक चांगल्या गोष्टीवर आपला शिक्का कशाला?

टेकडीचं खरं नुकसान तिकिटाने केलेलं नाही. 1963 च्या पावसात गुहा ढासळल्या आणि राहत्या लोकांना तिथून हलवलं. बरेचसे शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये गेले. 2010 मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला वारशाच्या यादीत घेतलं, पण मोडलेला शेजार त्याने परत येत नाही.

हे सगळं बघताना माझ्या डोक्यात काझीची गढी होती. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी जिथे उत्खनन केलं, ती आपली नाशकातली गोदाकाठची मातीची गढी. तिच्यावर आजही वस्ती आहे. दर पावसाळ्यात माती सरकते, घरं रिकामी करायच्या नोटिसा लागतात, पाऊस थांबला की सगळे विसरतात. धोका खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जुन्या नाशकातलं जे आपण मिरवतो, धुळवडीला हलगीवर नाचत निघणारे वीर, रंगपंचमीच्या रहाडी म्हणजे रंग खेळायचे चौकातले जुने हौद, ते मैदानावर मांडव घालून होणारं नाही. रहाड उघडायला त्या चौकातली माणसं लागतात. आताच निम्मे घरवाले इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे गेलेत आणि सणापुरते परत येतात. म्हणून आधी भक्कम संरक्षक भिंत बांधा. हलवायचंच असेल तर याच पेठांत, शेजार न तोडता जागा द्या. वाटल्यास मग रहाडीला तिकीट लावा, माझी हरकत नाही.

हरकत असलेल्यांनी धुळवडीला दाजीबा वीराच्या मिरवणुकीत भेटावं, तिथेच भांडू. आत्याही येणार आहे.