‘आठवीनंतर क्लब-बिब बंद करा’ : पालकांच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही फिरतोय. त्याचं म्हणणं असं : आठवीपासून पुढे विज्ञान मंडळ, स्काउट-गाइड, लेझीम पथक, भित्तिपत्रक, वक्तृत्व हे सगळं बंद करावं. त्यानं मार्क कमी होतात, तालमींपायी तास बुडतात, हे पैसेवाल्यांच्या मुलांचे चोचले आहेत, आणि हौसच असेल तर मोबाइलवर सगळं शिकता येतं. खाली ‘सर्व पालकांना पाठवा’. मी सोलापुरातच शिकवतो आणि शाळेचं विज्ञान मंडळ बघतो. हा मेसेज वाचून पालक खरोखर मुलांची नावं काढून घेतात, म्हणून हे लिहितोय.

आधी मार्कांचं बघू. दहावीला भाषा विषयाच्या 100 गुणांपैकी लेखी परीक्षा 80 गुणांची, उरलेले 20 शाळेत होणाऱ्या तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानातही 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. चारचौघांत उभं राहून बोलायची सवय असलेलं मूल आणि उपकरण हाताळलेलं मूल तिथं अडखळत नाही. शिवाय चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढीव मिळतात, ब ला 5, क ला 3. खेळाडू, एनसीसी, स्काउट-गाइड, शास्त्रीय गायन-नृत्य, लोककला यांनाही बोर्डाच्या अटींत बसलं तर सवलतीचे गुण आहेत. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. एकेका टक्क्यासाठी जीव टाकणाऱ्या पालकांपासून ही माहिती दडवणं बरं नव्हे.

आता ‘पैसेवाल्यांचे चोचले’. या मुद्द्याचा मला मनापासून राग येतो, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पैसेवाल्याचं मूल शाळेनं काही केलं नाही तरी तबल्याला जातं, पोहायला जातं, सुट्टीत शिबिराला जातं. सोलापुरातल्या विडी घरकुल या कामगार वसाहतीत आई विड्या वळते, शहराच्या पूर्व भागात बाप मागावर कापड विणायला जातो, त्या घरच्या मुलाला हे सगळं मिळालं तर शाळेतच मिळतं, तेही फुकट. शाळेनं तो तास काढला तर नुकसान त्याचंच होतं, श्रीमंताचं काहीच जात नाही.

त्यात आपलं गाव चार भाषांचं. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, वर्गात मराठी, अशी मुलं प्रत्येक तुकडीत आहेत. अशी मुलगी पेपरात बरोबर लिहिते, पण वर्गात तोंड उघडत नाही. तिला भित्तिपत्रकासाठी ‘वडिलांचं काम’ यावर लिहायला द्या. धोटा, कांडी, बीम हे मागावरचे शब्द तिला पाठच असतात, बाकीच्या वर्गाला ते माहीत नसतात. मग मुलं तिला विचारायला लागतात आणि ती बोलायला लागते. व्याकरणाच्या दहा तासांत जे होत नाही, ते इथं होताना मी पाहिलंय.

विज्ञान मंडळाचंही असंच. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर, विणली जाते. जुन्या जॅकार्डला पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. कार्डावर जिथं भोक, तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं तो खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर अख्खा मोर चादरीवर उतरतो. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास निघालेल्या या यंत्राची कार्डं पाहूनच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रांची कार्डं योजली. संगणकाचं शून्य-एक समजावून सांगायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून मुलं स्वतःची नक्षी काढतात, मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला तशी भोकं पाडतात. घरी जाऊन बापाला प्रश्न विचारतात. हे पाठ्यपुस्तकात नाही, पण पाठ्यपुस्तक समजायला याचाच उपयोग होतो.

मोबाइलचा मुद्दा एका वाक्यात संपतो. व्हिडिओ बघून लेझीमचा हात कळेल, पण चाळीस जणांच्या ओळीत शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवणं कळणार नाही. शिवाय हे उपक्रम सरकारलाही हवे आहेत. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगतं की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी भिंत नको. केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या शालेय विद्यार्थ्याला त्याच्या कल्पनेसाठी 10 हजार रुपये मिळतात, आणि त्यासाठी नाव शाळेमार्फतच पाठवावं लागतं.

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे. काही शाळांत स्नेहसंमेलनाच्या तालमीपायी तासच्या तास बुडतात, आणि स्टेजवर दरवर्षी तीच पाच-सहा मुलं दिसतात. पण हा दोष चालवणाऱ्यांचा आहे. त्यावर उपाय आहेत : मंडळाचा तास वेळापत्रकात हवा, प्रत्येक मूल कुठल्या तरी एका मंडळात हवं, ड्रेसच्या नावाखाली वर्गणी नको, आणि दहावीच्या मुलांना दिवाळीनंतर मोकळीक द्यावी. पालक सभेत मुख्याध्यापकांकडे हे चार मुद्दे लेखी द्या. आणि इंटरमिजिएटचे फॉर्म कधी भरायचे, तेही त्याच सभेत विचारून घ्या. त्या तारखा निघून गेल्या की वर्षभर काही करता येत नाही.