वेटिंगवरचा भविष्यकाळ

रजेचा अर्ज होता हो, चार ओळींचा. साहेब चिंचवडचे, मी कोथरूडचा, तरी अर्ज इंग्रजीतच लागतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो. मजकूर स्क्रीनवर उघडला : ‘आय विल गो टू नागपूर ऑन फ्रायडे.’

मागून आवाज आला, “हे आत्ता, इथं उभ्या उभ्या ठरवलंत?”

काखेत फाइल, कपाळावर चष्मा, साठी उलटलेले काका. लोकलमध्ये शेजाऱ्याचा पेपर वाचावा तसा माझा अर्ज वाचत होते.

“नाही. साडूच्या मुलीचं लग्न आहे, दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय.” मी खुलासा का केला, देव जाणे.

“मग ‘विल’ कसं? बेल वाजली, तुम्ही म्हणालात, ‘थांब, मी उघडतो’, तिथं ‘विल’. आधी ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’. आणि सगळी व्यवस्था झाली असेल तर सरळ ‘आय ॲम गोइंग’. तिकीट काढलंय?”

“काढलंय.”

“कन्फर्म?”

आता अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. “वेटिंग 22,” मी पुटपुटलो.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे बेत पक्का, पण बूड टेकायला जागा नाही. ‘आय ॲम गोइंग’ लिहिलंत तर धडधडीत खोटं!”

“आरएसी झालं तर?” दुकानातल्या पोरानं विचारलं. त्याला काय पडलं होतं?

“आरएसी म्हणजे अर्धा बाक. ‘गोइंग टू’च ठेवा.”

“आणि गाडी?”

“गाडीला साधा वर्तमानकाळ. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’. वेळापत्रक आहे ना!” ज्यांनी हा नियम केला ते आपल्या फलाटावर कधी उभे राहिले नसावेत.

शाळेत आमच्या बाईंनी ‘आय’ आणि ‘वी’च्या पुढे ‘शॅल’ हे पट्टीनं शिकवलं. बुडणारा माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असं ओरडला, म्हणजे ‘मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवाल तर’, म्हणून लोक काठावरच थांबले, ही गोष्टही त्यांचीच. आता म्हणतात, ‘शॅल’ फारसं कुणी वापरत नाही. मग माझ्या तळहातांचं काय? आणि मराठीत आपण ‘हा आलोच!’ म्हणतो तेव्हा अंगाला साबण असतो. चक्क भूतकाळ! ‘येतो’ म्हणून निघून जातो. कुणी कधी अडवलंय? इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या आधी आरक्षणाचा तक्ता दाखवायचा.

काकांच्या सांगण्यावरून तीनदा मजकूर बदलला, तीनदा प्रिंट काढली. पोरानं तिन्हींचे मिळून तीस रुपये घेतले. काकांना स्वतःला फक्त आधार कार्डाची एक झेरॉक्स हवी होती. तेवढ्यासाठी पाऊण तास थांबले, आनंदानं!

शेवटी ‘आय ॲम गोइंग टू गो’ असं काहीतरी देऊन आलो. संध्याकाळी अर्ज परत आला. खाली साहेबांचा शेरा, लाल शाईत : ‘वी शॅल सी.’

वेटिंग आता 17 आहे.