‘दिवा नऊ फुटांवर, त्याला हात कोण लावतो?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

जुन्या वायरिंगच्या घरात पितळी आणि लोखंडी दिव्यांना अर्थिंग (दिव्याच्या धातूच्या बॉडीपासून जमिनीत जाणारी तार) हवंच, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुमच्या वाड्यात साठ वर्षं अर्थिंगशिवाय, नुसत्या दोन तारांवर दिवे चालले आणि कुणाला काही झालं नाही. दिवा नऊ फुटांवर असतो, त्याला हात कोण लावतो? अगदीच भीती वाटली तर झुंबराची बॉडी होल्डरमधल्या न्यूट्रललाच (वीज परत नेणाऱ्या तारेलाच) जोडावी, नवी वायर ओढायचा खर्च कशाला? मुलगा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवू म्हणतो, तेवढं पुरे. आणि शेवटी, लोकांना उगाच घाबरवू नका.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. ‘सगळं वायरिंग नवीन करून घ्या’ हे मी फार सहज लिहून गेलो. पागडीच्या खोलीत किंवा मालक-भाडेकरूंच्या वादात अडकलेल्या वाड्यात ते कुणाच्या हातात नसतं. शिवाय प्लॅस्टिक बॉडीच्या, चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दिव्याला अर्थिंग लागत नाही, हेही माझ्याकडून राहून गेलं.

पण हात कोण लावतो, याचं उत्तर आमच्याच घरात आहे. दिवाळीच्या साफसफाईत माझी मावशी लोखंडी स्टुलावर चढून जिन्यातला पितळी ब्रॅकेट ओल्या फडक्याने पुसत होती. बटण बंद केलेलं होतं. दुसरा हात कठड्याच्या लोखंडी गजावर होता. शॉक बसला, ती खाली पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी मेन स्विच बंद करून तो ब्रॅकेट मी स्वतः उतरवला. लाकडी पट्टीवरून आलेली जुनी रबरी वायर, वरून कापडाचं वेष्टण. चिमटीत धरली तर रबर खारी बिस्किटासारखं चुरलं. बल्बच्या उष्णतेने ते वर्षानुवर्षं भाजून निघालं होतं. ब्रॅकेटच्या नळीत वायर शिरते तिथे कडेने ती कापली गेली होती आणि उघडी तार पितळेला टेकली होती. त्यात बटण बसवलेलं न्यूट्रलवर, त्यामुळे बटण बंद असलं तरी फेज (वीज आणणारी जिवंत तार) होल्डरपर्यंत होताच. दिवा आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित लागत होता. फ्यूज उडाला नव्हता.

काका, मला सांगायचंय ते एवढंच आहे. अर्थिंग नसलेल्या दिव्यात करंट उतरला तरी काहीच कळत नाही. करंटला जायला वाटच नसते. पितळ २३० व्होल्टवर गपचूप बसून राहतं आणि पहिली वाट मिळते ती माणसाच्या अंगातून. शरीराचा रोध ढोबळमानाने १५०० ओहम धरला तर दीडशे मिलिअँपिअर होतात. जीव जायला तेवढे पुरतात, पण ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. साठ वर्षं काही झालं नाही हे खरं, पण त्या साठ वर्षांत रबरही साठ वर्षांचं झालं.

न्यूट्रल बॉडीला जोडायचं मात्र कृपा करून करू नका. जुन्या बोर्डांवर किटकॅट (चिनी मातीचे, हाताने काढता येणारे) फ्यूज दोन्ही तारांना असतात. न्यूट्रलचा किटकॅट उडाला किंवा सैल झाला की दिवे विझतात, पण बटण चालू असेल तर फेज बल्बमधून पलीकडे येतो आणि तुम्ही जोडलेल्या तारेने थेट झुंबरावर उतरतो. दिवा का गेला ते बघायला कुणीतरी स्टूल घेऊन चढतो, तो नेमका तेव्हाच. आणि मागे कुठे फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तर झुंबर पहिल्या क्षणापासूनच जिवंत.

आरसीसीबी मात्र बसवाच, ३० मिलिअँपिअरचा. मुलाचं बरोबर आहे. फक्त अर्थिंगशिवाय तो पडतो (म्हणजे वीज तोडतो) कुणाला शॉक बसल्यावर. अर्थिंग असेल तर तार पितळेला टेकताच पडतो, तेव्हा तिथे कुणीच नसतं. उलट, नुसत्या अर्थिंगवरही भागत नाही. वाड्यातला अर्थिंगचा खड्डा (ती तार जिथे जमिनीत पुरलेली असते तो) बहुतेक वेळा फरशीखाली गाडला गेलेला असतो. त्यातल्या कोळसा-मिठाला वर्षानुवर्षं पाणी मिळालेलं नसतं. त्याचा रोध ५० ओहम झाला असेल तर करंट जाणार साडेचार अँपिअर, म्हणजे ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडणारच नाही. म्हणून दोन्ही हवेत. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडू लागला तर वायरमन ‘काढून टाकू, कटकट नको’ म्हणेल. त्याला काढू देऊ नका, गळती कुठे आहे ते शोधायला सांगा.

खर्चाचं म्हणाल तर अख्खं घर उकरायची गरज नाही. बोर्डापासून धातूच्या प्रत्येक दिव्यापर्यंत दीड स्क्वेअर एमएमची एकच हिरवी वायर, पीव्हीसी पट्टीतून. टोकाला थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची कडी), आणि बॉडीवरचं लॅकर खरवडून ती स्क्रूने घट्ट. झुंबराच्या साखळीवर भरवसा ठेवू नका, कड्या नुसत्या एकमेकींत अडकलेल्या असतात. आधी मात्र खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायची पद्धत नको. अर्थिंग खराब असेल तर त्या बल्बमधून घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूवर करंट येतो.

एवढंही जमत नसेल तर हाताला येणारे धातूचे दिवे काढून तिथे ती चौकोनाची खूण असलेले प्लॅस्टिकचे लावा.

तुमचं पाच फांद्यांचं झुंबर तुमच्या आईंच्या वेळचं आहे असं तुम्ही लिहिलंत, ते काढू नका. वायरमनला प्रत्येक फांदीतली वायर बदलायला सांगा, उष्णता सोसणारी. तो ते उतरवेल तेव्हा फांदीच्या तोंडाशी वायर कशी आहे त्याचा एक फोटो काढून मला पाठवा. मी बघून लगेच कळवतो.